पाळणाघरात बाळ बाटली घेत नाही: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

आई कामावर रुजू होते, बाळ पाळणाघरात जायला लागतं आणि संध्याकाळी पिशवीतलं दूध जसंच्या तसं परत येतं. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या बाबतीत हे इतकं नेहमीचं आहे की पहिल्या आठवड्यात असं झालं नाही तरच नवल. मग घरचे दुकानात जाऊन दुसऱ्या कंपनीची बाटली आणतात, चार दिवसांनी तिसरी. खरं तर बाटली बदलणं हा बराच नंतरचा उपाय आहे. त्याआधी फुकटात तपासता येणाऱ्या पुष्कळ गोष्टी असतात आणि दोष बहुतेकदा त्यांतच निघतो.

आणखी एक. दूध बाळाच्या पोटात जाणं गरजेचं आहे, ते बाटलीनेच गेलं पाहिजे असं नाही. वाटी-चमचा, बोंडलं (चोचीचं छोटं भांडं), छोटा पेला हे सगळे मार्ग उघडे आहेत. घरातल्यांनी हे मनाशी पक्कं केलं की अर्धी घाई तिथेच कमी होते.

लक्षणं: नेमकं काय होतंय?

"घेतच नाही हो" एवढ्यावरून काही कळत नाही. पाळणाघरातल्या ताईंना किंवा मावशींना विचारा की बाटली तोंडाजवळ नेल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात बाळ काय करतं. जमलं तर मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ मागा. त्यातून खालीलपैकी एखादं चित्र दिसेल.

- बाटली नुसती दिसली तरी रडतं, अंग ताठ करतं. आधी कधीतरी जबरदस्तीने पाजलं गेलेलं असतं किंवा फार भूक लागल्यावरच बाटली पुढे येते.
- निपल तोंडात घेतं, चावतं, जिभेने ढकलतं, पण ओढत नाही. तीन-चार महिन्यांपुढच्या बाळात हे सर्रास दिसतं.
- दोन-चार घोट घेतं आणि तोंड वाकडं करून सोडतं. दुधाची चव किंवा तापमान बघा.
- जोर लावून ओढतं, चिडतं, निपल चपटं होऊन आत जातं. बाटलीत हवा शिरत नाही.
- ठसका लागतो, डोळे मोठे होतात, ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळतं. प्रवाह जास्त आहे.
- घरी आजीकडून घेतं, पाळणाघरात घेत नाही. माणूस, जागा, गोंगाट यांपैकी काहीतरी.
- महिनाभर नीट घेत होतं, अचानक बंद केलं. आधी तोंड, नाक, कान बघा.
- दिवसभर जेमतेम पितं आणि रात्री अंगाला चिकटून असतं. ही कदाचित अडचणच नसेल.

१. खरंच दूध कमी पडतंय का?

हा प्रश्न पहिला, कारण याचं उत्तर "नाही" आलं तर पुढची बरीच धावपळ वाचते. चोवीस तासांतले ओले लंगोट मोजा. सहा किंवा जास्त, चांगले ओले आणि लघवी फिकट रंगाची असेल तर बाळाला पुरेसं मिळतंय. डायपर वापरत असाल तर तो फार वेळ तसाच ठेवू नका, नाहीतर किती वेळा शू झाली हेच कळत नाही. जोडीला वजन. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात रेघ आपल्या वळणाने वर चढत असेल तर निवांत राहा.

किती दूध अपेक्षित धरायचं याचाही अंदाज हवा. एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला सरासरी ७५० मिली पितं. कुणी ६००, कुणी ९००. आई जितके तास दूर, तितक्या तासांना साधारण ३० ते ४५ मिली. म्हणजे नऊ तासांसाठी २७० ते ४०० मिली पुरतं. वरचं दूध घेणाऱ्या शेजारच्या बाळाची १८० मिलीची भरलेली बाटली बघून "आमचं साठच पितं" असं वाटतं, पण अंगावरच्या दुधाच्या एका वेळेला ६० ते ९० मिली अगदी ठीक आहे.

काही बाळं दिवसाचं दूध रात्रीवर ढकलतात. पाळणाघरात पन्नास-साठ मिलीवर वेळ मारून नेतात आणि आई घरी आली की रात्रभर वसूल करतात. लंगोट आणि वजन जागेवर असेल तर यात बाळाचं काही बिघडत नाही, झोप मात्र आईची जाते. हे कमी करायचं असेल तर सकाळी निघण्याआधी एकदा भरपूर पाजा, पाळणाघरात पोचल्यावर पुन्हा एकदा घ्या आणि न्यायला येण्याआधी तासभर काही देऊ नका असं ताईंना सांगून ठेवा. म्हणजे आल्याआल्या बाळ भुकेलं असेल आणि संध्याकाळचं पाजणं पोटभर होईल.

२. अचानक बंद केलं असेल तर तोंडात डोकावा

टॉर्च लावून बघा. जिभेवर आणि गालांच्या आतल्या बाजूला पांढरे डाग आहेत का? ओल्या स्वच्छ कपड्याने हलकेच पुसून निघाले तर दूध साकळलंय. निघाले नाहीत, खाली लालसर दिसलं तर बुरशी असू शकते. त्यावर औषध डॉक्टरांनीच द्यायचं, आणि आईच्या स्तनाग्रांनाही जळजळ होत असेल तर दोघांवर एकदम उपचार लागतात. दात येत असतील तर हिरडी सुजलेली दिसते आणि निपल दाबलं की बाळ कळवळतं. नाक चोंदलं असेल तर चोखताना श्वासच घेता येत नाही. पाजण्याआधी साध्या सलाइनचे थेंब नाकात टाकले की फरक कळतो. पाळणाघरात जायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्दी पाठ सोडत नाही, त्यामुळे हे कारण वरचेवर निघतं. बाळ झोपवल्यावर जास्त रडतंय, कान ओढतंय, ताप आहे असं दिसलं तर कान दाखवून घ्या.

३. दूध स्वतः चाखा

हे करायला लोक संकोचतात, पण दोन थेंबांत निकाल लागतो. ताजं काढलेलं दूध गोडसर लागतं. तेच दूध फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ठेवल्यावर साबणासारखं, खवट किंवा उलटीसारखं लागत असेल तर त्यातलं लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) चरबी फोडतंय. असं दूध नासलेलं नसतं, दिलं तरी चालतं. काही बाळं ते निमूट पितात, काही एका घोटात ओळखतात आणि पुन्हा बाटलीला तोंड लावत नाहीत.

तुमचं दूध कधी बदलतं ते शोधा. एका छोट्या वाटीत थोडं दूध फ्रिजमध्ये ठेवा आणि दर काही तासांनी चाखा. बारा तास चांगलं राहत असेल तर आदल्या रात्रीचं दूध सकाळी द्यायला हरकत नाही, फक्त जुना फ्रीझरचा साठा वापरू नका. दोन-तीन तासांतच बदलत असेल तर काढल्याबरोबर स्टीलच्या छोट्या पातेल्यात तापवा. कडेला बारीक बुडबुडे धरले, वाफ यायला लागली की उतरवा, उकळी येऊ देऊ नका. लगेच पातेलं गार पाण्यात ठेवून थंड करा आणि मग साठवा. एकदा चव बदलली की नंतर तापवून उपयोग नाही. तापवण्याने दुधातले काही संरक्षक घटक कमी होतात, म्हणून बाळ मुकाट्याने पीत असेल तर हा उद्योग करू नका.

चव बिघडण्याचं दुसरं कारण साठवण. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. मार्च ते जूनमध्ये नागपूर-अकोल्यातच काय, पुण्या-मुंबईतल्या दुपारीही तेवढा गारवा मिळत नाही, तेव्हा "बाहेर चार तास" हा हिशेब विसरा आणि दूध सरळ फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत, पण दारात न ठेवता आतल्या बाजूला. वीज जात असेल तर त्याहून कमी धरा. नेताना बर्फाचे पॅक घातलेली थंड पिशवी वापरा. फ्रीझरमधून काढून पूर्ण वितळलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत संपवा, परत गोठवू नका. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांनी टाकून द्या. म्हणूनच सुरुवातीला प्रत्येक डबीत ३०-४० मिलीच भरा. दीडशे मिली गटारात ओतताना जीव तुटतो, आणि वाया जाईल या भीतीनेच कुणीतरी बाळाच्या मागे लागतं.

डबीवर चिकटपट्टी लावून तारीख, काढल्याची वेळ आणि मिली लिहा. पाळणाघरात चार बाळांचं दूध एका फ्रिजमध्ये असतं, तेव्हा बाळाचं नावही हवंच.

तापमान: अंगावरचं दूध शरीराच्या उबेचं असतं. फ्रिजमधली डबी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, वर आलेली साय मिसळायला हलकेच गोल फिरवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. त्वचेला ना गार ना गरम लागला पाहिजे. मायक्रोवेव्ह नको, बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत मधेच चटका बसेल इतकं गरम राहतं. दात येणाऱ्या काही बाळांना उलट जरा गारच आवडतं, तेही करून बघा.

४. बाटली जोडलीय कशी ते बघा

पाळणाघरात बाटल्या धुऊन परत जोडताना चुका होतात आणि त्या लांबून दिसत नाहीत. बाटली हातात घ्या आणि हे बघा.

रिंग किती घट्ट आहे? मावशी सांडू नये म्हणून पिळून घट्ट करतात. बऱ्याच साध्या बाटल्यांत हवा आत शिरायला निपल आणि रिंगच्या मधलीच फट असते. ती बंद झाली की बाळ ओढतं, आत पोकळी तयार होते आणि निपल चपटं होतं. रिंग पाव वेढा सैल करा. दूध ओढल्यावर बारीक बुडबुडे वर जाताना दिसले पाहिजेत.

हवेचा व्हॉल्व्ह आहे का? काही निपलांच्या बुडाशी बारीक छिद्र असतं, काही बाटल्यांत वेगळी सिलिकॉनची चकती असते. छिद्रात साय अडकते, ते चिमटीत धरून चोळून मोकळं करा. चकती उलटी बसली तर बाटली गळते, हरवली तरीही गळते.

निपलचं भोक कसं आहे? बाटली उलटी धरा. सुरुवातीचे दोन-चार थेंब सोडून पुढे थेंब थेंब पडलं पाहिजे. धार लागली तर भोक मोठं आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला सगळ्यात मंद प्रवाहाचं निपल लागतं, सहा महिने झाले तरी. खोक्यावर "६ महिने अधिक" लिहिलंय म्हणून पुढचा नंबर घेऊ नका. आणि "ओढायला जड जातंय" म्हणून गरम सुईने भोक मोठं करायची आपल्याकडची जुनी सवय तर अजिबात नको. ठसका लागायला तेवढं पुरतं, आणि कातरलेल्या कडेचा तुकडा सुटून घशात जाऊ शकतो.

वास घ्या. सिलिकॉन साबणाचा वास धरून ठेवतं. भांड्यांच्या साबणाने घासून नीट खळबळलं नसेल तर निपल नाकाजवळ नेताच कळतं. गरम पाण्यात उकळून, झाकण उघडं ठेवून वाळवा. नवं निपलही पहिल्या वेळी उकळून घ्या.

५. वेळ

बाळ भुकेने कळवळल्यावर बाटली पुढे करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. भूक लागलेलं बाळ नवीन काही शिकत नाही. त्याला तेव्हा आई हवी असते आणि समोर रबर येतं. "उपाशी ठेवा, झक मारत पिईल" हा सल्ला घरोघरी मिळतो. तो मानू नका. बाळ थकून झोपी जातं, दूध घेत नाही आणि बाटलीचा राग पक्का होतो.

सराव अंगावर पाजून तास-दीड तास झाल्यावर करा. थोडी भूक आहे, मूड चांगला आहे अशी वेळ. झोपेतून नुकतं उठलेलं, अजून पुरतं जागं न झालेलं बाळ बऱ्याचदा विरोध न करता ओढायला लागतं. मात्र डोकं उंच हवं. आडवं झोपवून किंवा उशीला बाटली टेकवून कधीच नाही.

एक प्रयत्न दहा मिनिटांचा. बाळ खरं रडायला लागलं की लगेच थांबायचं, बाटली नजरेआड करायची, बाळाला शांत करायचं. दिवसात एक-दोन प्रयत्न पुरेत. कामावर रुजू होण्याआधी दोन-तीन आठवडे हे सुरू केलं तर घाई होत नाही. आदल्या रविवारी सुरू केलं तर मग सगळंच जड जातं.

६. कोण देतंय, कुठे बसून

आई समोर असताना बाळ बाटली का घेईल? दुसऱ्या माणसाने द्यावी आणि त्या वेळी आईने खोलीतच नव्हे, शक्यतो घरातच असू नये. आईच्या अंगाचा आणि दुधाचा वास बाळाला ओळखू येतो.

उलट पाळणाघरात आईच्या वासाचा उपयोग करून घ्या. आदल्या दिवशी वापरलेली ओढणी किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा ताईंनी खांद्यावर टाकावा. काही बाळांना अंगावर पितानासारखं कुशीत आडवं धरलं की जास्त राग येतो, कारण जागा ओळखीची आणि चीज अनोळखी. त्यांना तोंड बाहेरच्या बाजूला करून, पाठ ताईंच्या छातीला टेकवून मांडीवर बसवा, खिडकीकडे बघत द्या. काहींना कडेवर घेऊन फिरताना जमतं. यातलं कुठलं चालेल ते आधी सांगता येत नाही, पण एक पद्धत निदान दोन-तीन दिवस तरी चालू ठेवा. दर वेळी नवा प्रयोग केला तर काय चाललं आणि काय नाही हेच कळत नाही.

पाळणाघरात शक्यतो एकच माणूस ठरवून घ्या. सकाळी एक ताई, दुपारी दुसरी, असं असेल तर पहिल्या आठवड्यात तरी दूध एकीनेच पाजावं अशी विनंती करा. आणि टीव्हीपासून, मोठ्या मुलांच्या दंग्यापासून लांबचा कोपरा हवा.

७. पाजण्याची पद्धत

ताईंना हे शब्दांत सांगून भागत नाही, एकदा करून दाखवा.

बाळ जवळजवळ बसतं धरा. निपलने वरच्या ओठाला, नाकाखाली हलका स्पर्श करा आणि थांबा. बाळ तोंड मोठं उघडेल तेव्हाच निपल आत द्या. बंद ओठांतून घुसवू नका. बाटली आडवी, जमिनीला समांतर ठेवा म्हणजे निपलमध्ये अर्धंच दूध येतं आणि बाळ ओढेल तेवढंच मिळतं. पाच-सहा घोटांनंतर बाटलीचं बूड खाली करा, निपल तोंडातच राहू द्या, बाळाला श्वास घेऊ द्या. पुन्हा ओढायला लागलं की परत आडवी. असं पंधरा-वीस मिनिटं लागू देत. निपलमध्ये हवा दिसते म्हणून मावशींना काळजी वाटते. थोडी गेली तरी ढेकर काढली की झालं. अंगावर पिताना दूध लाटांनी येतं, मध्ये विश्रांती असते. बाटली उंच तिरकी धरली की नळ सुरू केल्यासारखं अखंड येत राहतं आणि बाळ घाबरतं.

फक्त चावणाऱ्या, न ओढणाऱ्या बाळासाठी वेगळी गोष्ट. नवजात बाळ तोंडात काही आलं की आपोआप चोखतं. तीन-चार महिन्यांपर्यंत ही प्रतिक्षिप्त क्रिया ओसरते आणि चोखायचं की नाही हे बाळ ठरवतं. म्हणून पहिल्या महिन्यात बाटली घेणारं बाळ मधे दोन महिने दिली नाही तर विसरतं. अशा बाळाला रिकामं निपल खेळायला द्या, चावू द्या. मग निपलच्या टोकाला दुधाचे दोन थेंब लावा. मग ५-१० मिली भरा. तीन-चार दिवस फक्त एवढंच.

मध किंवा साखर लावून गोडी लावायची नाही. एक वर्षाच्या आत मध दिल्याने बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते, आणि ती जीवघेणी ठरू शकते. सहा महिन्यांच्या आत पाणी, ग्राइप वॉटर, पातळ केलेलं गाईचं दूध यांतलंही काही नको.

८. मग निपल बदला, एकदाच

इथवर सगळं नीट करून आठवडा गेला आणि फरक नाही, तर पैसे खर्च करायला हरकत नाही. निपल एकच निवडा: टोक लांबट, बूड हळूहळू रुंद होत जाणारं, प्रवाह सगळ्यात मंद. एकदम रुंद बूड आणि बारीक टोक असलेल्या निपलवर बाळाचे ओठ फक्त टोकाशीच आवळले जातात आणि हवा जाते. "आईसारखं" असं खोक्यावर लिहिलेलं असो किंवा दुकानदाराने सांगितलेलं असो, त्यावर जाऊ नका. दूध पाजण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे बंदी आहे, ती उगीच नाही. नवं निपल आणल्यावर चार-पाच दिवस तेच चालू ठेवा.

९. बाटली सोडूनच द्या

आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ तसेही बाटलीपेक्षा वाटी-चमचा सुचवतात, कारण निपलचा कानाकोपरा स्वच्छ राहत नाही आणि जुलाबांना निमित्त मिळतं. वाटी-चमचा उकळायला सोपा, आत काही लपत नाही.

बोंडलं किंवा वाटी वापरताना बाळ जागं, बसतं धरलेलं हवं. हात कपड्यात हलके गुंडाळले तर मधे येत नाहीत. कड खालच्या ओठावर टेकवा, दूध ओठाला लागेल इतकं तिरपं करा आणि थांबा. बाळ जिभेने चाटतं, मग घोट घेतं. दूध तोंडात ओतायचं नाही. पूर्वी पायांवर आडवं झोपवून, गाल दाबून बोंडल्याने घटाघटा पाजायची रीत होती. रडणाऱ्या बाळाच्या घशात ओतलेलं दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं, त्यामुळे ती रीत नको. सुरुवातीला अर्धं दूध लाळेऱ्यावर सांडेल, ते धरून चाला आणि दोन-तीन लाळेरी जास्त पाठवा.

यात खरी अडचण पाळणाघराची असते. एका ताईंकडे चार बाळं असतील तर वीस-पंचवीस मिनिटं वाटी धरून बसायला त्यांना वेळ मिळेल का, हे स्पष्ट विचारा. "हो हो, करू" म्हणून नंतर न जमण्यापेक्षा दिवसातून दोन वेळा ठरवलेलं बरं.

बाळ सहा महिन्यांचं झालं असेल तर काम सोपं होतं. वरचं खाणं सुरू झालेलं असतं, तेव्हा काढलेलं दूध नाचणीच्या सत्त्वात, मऊ भातात, कुस्करलेल्या केळ्यात घालता येतं. गरम पदार्थ आधी कोमट होऊ द्या, मग दूध घाला. चव बदललेलं दूधही असं खपतं. उघड्या छोट्या पेल्यातून एक-एक घोट, आणि पुढे स्ट्रॉचा पेला. या वयात बाटली शिकवायचा आग्रह धरण्यात काही अर्थ नाही, कारण वर्षाचं झाल्यावर ती सोडवायचीच असते. फक्त वर्षापर्यंत दूध हेच मुख्य अन्न आहे, हे विसरून खिचडीनेच पोट भरू नका.

१०. आईचं वेळापत्रक

पाळणाघर ऑफिसपासून जवळ असेल तर दुपारी एकदा जाऊन अंगावर पाजणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा मिळाली. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्याही कायद्यात आहेत. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, लेखी मागा.

जाता येत नसेल तर दर तीन तासांनी दूध काढा, बाळ पाळणाघरात पीत नसलं तरीही. नाहीतर स्तन भरून गाठी होतात, ताप येतो आणि हळूहळू दूधच कमी होतं. मग बाटलीचा प्रश्न बाजूला राहतो आणि भलताच सुरू होतो.

कुठे थांबायचं

घरचे उपाय ताबडतोब थांबवून डॉक्टरकडे जायचं, जेव्हा:

- सहा ते आठ तासांत एकही लंगोट ओला नाही.
- बाळ मलूल आहे, उठवलं तरी डोळे मिटतं, टाळू खोल गेलीय, तोंड कोरडं पडलंय.
- बाळ अंगावरही पीत नाही.
- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आहे.
- हिरवी उलटी झाली.

दूध पिताना ओठ निळे पडले किंवा श्वास अडला तर पाजणं लगेच थांबवा, वाट न बघता १०८ ला फोन करा.

पुढच्या गोष्टी तातडीच्या नाहीत, पण याच आठवड्यात दाखवायच्या: वजन वाढायचं थांबलंय, जवळजवळ प्रत्येक वेळी ठसका लागतो, पिताना टकटक आवाज येतो, दूध सतत ओघळतं आणि अंगावर पाजतानाही आईला दुखतं (म्हणजे जिभेखालचा पडदा आखूड असू शकतो), दर वेळी पाजल्यावर पाठ ताणून किंचाळतं. ठसका आणि गिळण्याची तक्रार असेल तर बालरोगतज्ज्ञ गिळण्याचे व्यायाम करून घेणाऱ्या थेरपिस्टकडे पाठवतात. बाकी सगळं ठीक, फक्त बाळ बाटली घेत नाही आणि दोन आठवडे नेटाने करूनही अडलंय, तर प्रशिक्षित स्तनपान सल्लागार गाठा.

जाताना तीन दिवसांची नोंद न्या: किती वाजता, किती मिली, बाटलीने की वाटीने, किती लंगोट. वापरातली बाटली आणि निपल तसंच पिशवीत टाका, आणि पाळणाघरात काढलेला व्हिडिओ मोबाइलमध्ये असू द्या. डॉक्टरांच्या खोलीत बाळ हमखास वेगळंच वागतं.